जांभळ्या दोरीचे मानकरी

जिल्हा नवा झाला त्या वर्षी पाऊस झाला नव्हता. लातुरात नळ कोरडे होते आणि स्वागत समिती जोरात होती. मी एका स्थानिक दैनिकात उपसंपादक होतो. रविवारच्या पानात जागा उरली म्हणून एक चौकट लिहिली: जुन्या चीनमध्ये अधिकाऱ्याची मोहोर कमरेला रेशमी दोरीने बांधलेली असे. जांभळी दोरी वरच्या अधिकाऱ्याची, मग निळी, मग काळी, पिवळी शेवटची. त्यांच्या कवितेत ही दोरी सोडणं म्हणजे पद सोडून घरी जाणं, असंही शेवटी लिहिलं होतं.

समितीने शेवटपर्यंत वाचलं नाही. अध्यक्ष मोंढ्यातले धान्याचे आडतदार होते. जिल्ह्याच्या उद्घाटनाला प्रत्येकाचा बिल्ला रेशमी दोरीत, चिनी रंगांप्रमाणे, असा ठराव त्यांनी केला. जांभळी त्यांची एकट्याची. निळीवरून दोन उपाध्यक्षांचं बोलणं बंद झालं. पिवळी कुणालाच नको होती. ती पत्रकारांना द्यायचं ठरलं.

काम आमच्या गल्लीतल्या पटवेकरणीकडे आलं. ती दागिने रेशमात गुंफून द्यायची. रंगाला पाणी लागेल, म्हणाली. कित्येक दिवस टँकर न दिसलेल्या गल्लीत दुसऱ्या सकाळी समितीने पाठवलेला टँकर तिच्या दारात उभा राहिला. बायका घागरी घेऊन बाहेर आल्या आणि लांबच थांबल्या.

"बघत काय राहिल्या? भरा की," ती पायरीवरून म्हणाली.

"मावशी, पाणी रंगापुरतं हाय," टँकरवाला म्हणाला.

"रंग लई पाणी पितो, सांग त्यांना."

टँकर रिकामा होऊन गेला. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दोऱ्या तयार झाल्या, सगळ्या पांढऱ्या. अध्यक्ष स्वतः आले.

"मावशी, रंग कुठाय?"

"न्हाई दिला. पाणी लोकांनी पिलं."

"मग कोण मोठा, कळायचं कसं?"

"तोंडं हायती की."

अध्यक्षांनी आपली दोरी घरी शिक्क्याच्या शाईत बुडवली. दुसऱ्या दिवशी मांडवात भाषणं लांबली, घाम आला आणि त्यांचा पांढरा सदरा गळ्यापासून पोटापर्यंत जांभळा झाला. ते तसेच पाहुण्यांच्या शेजारी बसून राहिले. उपाध्यक्ष त्या सदऱ्याकडे हेव्याने बघत होते.

बातमीत मी टँकरवर चार ओळी लिहिल्या. समितीच्या सदस्यांची नावं बसेनात म्हणून त्या काढल्या गेल्या.

सोमवारी बायकांनी टँकरसाठी सकाळपासून घागरी रांगेत मांडून ठेवल्या. दुपारी त्यांनी त्या रिकाम्याच उचलल्या आणि गावाबाहेरच्या विहिरीकडे निघाल्या. पटवेकरीणही त्यांच्याबरोबर गेली.