न पडता मोडलेलं हाड

आई साक्रीजवळच्या खेड्यात एकटी राहायची. दोन वर्षांपासून मांडणीच्या वरच्या फळीवरचे डबे तिनं खाली घेतले होते. हात पुरत नाही म्हणायची. मी धुळ्याहून महिन्यातून एकदा जायची. वयानं वाकली असेल, एवढंच मनात यायचं.

एका सकाळी तिनं पाण्याची बादली उचलली आणि पाठीत कळ येऊन ती तिथंच बसली. शेजारणीचा फोन आला. मी तिला गाडीत आडवी करून धुळ्याला आणलं. एक्सरेत पाठीचा एक मणका दबलेला दिसला.

‘‘मी पडनी बी नही, मंग हाड कसं मोडनं?’’ तिनं डॉक्टरीणबाईंना विचारलं.

त्या म्हणाल्या, ‘‘आजी, हाड जिवंत असतं. रोज झिजतं, रोज भरतं. चाळिशीनंतर भरणं मागं पडतं. पाळी गेली की झीज आणखी वाढते. हाड आतून विरळ होत जातं. दुखत नाही, म्हणून कळत नाही.’’ मग औषधं लिहून त्यांनी बजावलं, ‘‘आता पुढं वाकायचं नाही. वजन उचलायचं नाही.’’

आई त्यांच्याकडे बघत राहिली. ‘‘जलमभर वाकीसनच काम करं मी.’’

निंदणी, कापूस वेचणी, लाकडाच्या मोळ्या. खरंच, ती ताठ उभी असलेली मला फारशी आठवत नव्हती.

निघताना डॉक्टरीणबाईंनी माझी पाळी कधी गेली ते विचारलं. चार वर्षं झाली होती. माझीही तपासणी झाली. हाडं विरळ व्हायला लागली होती. आईला मी सांगितलं नाही.

तीन महिन्यांनी तिचं दुखणं बरंच कमी झालं, पाठीचा बाक मात्र राहिला. ती माझ्याकडेच राहिली. एका रविवारी विहारात जायचा हट्ट धरला. वंदना संपली, सगळे प्रणामासाठी खाली वाकले. आई हात जोडून उभी राहिली. मीही तिच्याजवळ उभीच राहिले.

‘‘तू वाक,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘तुना हाडं मजबूत शेतस.’’

मी वाकले.

घरी आल्यावर मात्र लपवणं जमलं नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं, मला पाठमोरी बसवलं आणि मानेपासून कमरेपर्यंत एकेक मणका बोटांनी चाचपत राहिली.