आक्काचं मराठी चालणार न्हाय म्हणे

मंडळी, दुपारपासून डोकं फिरलंय.

मी पुण्यात भाषेवर संशोधन करतो. वाक्यातले 'आपला', 'तिचा' असले शब्द नेमके कुणाबद्दल असतात, हा माझा विषय. त्यासाठी आज बेळगावजवळ आमच्या गावी, बेळगुंदीत, आक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, वाक्यं विचारत होतो.

"'सुनीतानं मंगलला आपल्या घरी नेलं.' कुणाच्या घरी गं, आक्का?"

"सुनीताच्या की! ह्यात काय इचारायचं रं?" रताळ्यांची माती झाडत ती म्हणाली.

"आणि 'तिच्या घरी नेलं' म्हटलं तर?"

"मग मंगलच्या. सुनीताच्या न्हाय."

शाळा चौथीपर्यंतच, पण वीस वाक्यांत एकदाही अडखळली नाही. मी खुशीत तिथूनच पुण्याला माझ्या मार्गदर्शक सरांना फोन लावला.

"अरे, सीमाभागातलं कशाला घेतोस? सगळं कानडीमिश्रित. शुद्ध बोलणारं कुणीतरी बघ."

फोन स्पीकरवर होता. आक्का समोरच होती. इथल्या ऑफिसात मराठी बोललं की कन्नड बोला म्हणतात, आणि पुण्याला आमचं मराठी मराठीच वाटत नाही. हे सगळं ओठांवर आलं होतं. पण मी म्हणालो, "हो सर."

मग उरलेली वाक्यं काढली. आक्कानं पदराला हात पुसले, सावरून बसली आणि टीव्हीवरच्या बायकांसारखं म्हणाली, "मला नाही माहीत. तुमच्यात काय म्हणतात, तेच लिही."

तिच्या तोंडून 'न्हाय'ऐवजी 'नाही' मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

माझ्या त्या 'हो सर'चं आता काय करू, सांगा कुणीतरी.