दारावरची चिकटपट्टी

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. बायकोलाही कधी बोललो नाही. आता वय झालं, तेव्हा घडलं तसं लिहून ठेवतो.

ठाण्यात एका वकिलांकडे मी कारकून होतो. बँकांची थकलेली कर्जं वसूल करून देणं हे आमचं काम. कर्जदाराच्या दारावर ताब्याची नोटीस लावायची आणि तिचा दारासकट फोटो काढायचा, हे माझ्याकडे असे. बाकीचे कारकून खळ फासायचे. मी चिकटपट्टी वापरायचो, लोकांच्या दाराचा रंग जाऊ नये म्हणून. त्याचा मला थोडा अभिमानही होता.

डोंबिवलीतल्या त्या घराच्या कर्जावर नवरा-बायको दोघांच्या सह्या होत्या. मी गेलो तेव्हा नवरा एकटाच घरी होता. टपालाने आलेल्या नोटिशीही त्यानेच घेऊन लपवल्या होत्या, हे नंतर कळलं. माझा फोटो काढून होताच तो हळूच म्हणाला, "काका, झाला ना फोटो? मग काढा की ते. ही येईल इतक्यात कामावरून. मी सांगतो तिला बरोबर."

जिन्यात कुणाच्या तरी चपला वाजल्या. त्याचा चेहरा उतरला. मी चारही कोपरे नखाने सोडवले आणि कागद त्याच्या हातात दिला. दारावर डागसुद्धा राहिला नाही.

त्याने तिला सांगितलं नाही. दाद मागायची मुदत निघून गेली. कोर्टाचा हुकूम आणि पोलीस घेऊन आम्ही ताब्याला गेलो तेव्हा ती पोळ्या लाटत होती. तशीच पिठाच्या हातांनी बाहेर आली. आधी कळलं असतं तर भावाने पैसे भरले असते, असं पुन्हा पुन्हा सांगत राहिली. वकीलसाहेबांनी मला फोटो दाखवायला सांगितला. मी दाखवला.

"हे माझ्याच दारावर होतं?"

नवरा माझ्याकडे बघत होता, मी जमिनीकडे. एक वाक्य बोललो असतो तर त्या दिवशीचा ताबा कदाचित थांबला असता. माझी नोकरी नक्कीच गेली असती. मी बोललो नाही. घराला कुलूप लागलं.

मध्यंतरी खोपटच्या एसटी स्टँडवर ती भेटली. तिनेच मला ओळखलं. आता कोलशेतला भाड्याने राहतो म्हणाली. मग म्हणाली, "काका, एक विचारू? रागावू नका. ती नोटीस किती दिवस होती हो दारावर?"

फोटोत आहे ना, एवढंच मी पुटपुटलो.

"म्हणजे मीच बघितली नाही. हेसुद्धा तेच म्हणतात. सारखी घाईत असायचे ना मी."

तिची गाडी लागली. मी तिची पिशवी वर चढवून दिली.

"ताई," मी खालून हाक मारली. तिने खिडकीतून पाहिलं.

"काय हो काका?"

"सांभाळून जा."

ताई, ती नोटीस मी काढली होती. तुमचं लक्ष नव्हतं असं नाही, दारावर काही नव्हतंच. मला माफ करा.