बऱ्या माणसांची मोजणी

डॉ. शिवानंद खोत यांच्या पंचाहत्तरीनिमित्त मी लिहावं, असं संपादकांनी कळवलं तेव्हा माझ्या कपाळाला आठी पडली. खोतसरांचा मला हेवा वाटतो, आणि तो आजचा नाही, पहिल्या दिवसापासूनचा आहे. कोल्हापुरातल्या आमच्या महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र विभागात आम्ही एकाच सकाळी रुजू झालो. दुपारपर्यंत शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना नावानं ओळखू लागले होते आणि मला 'ते दुसरे सर' म्हणत होते.

एखादा रोग किती पसरला आहे, हे मोजण्यात सरांची हयात गेली. त्या कामाची खोली मला उशिरा कळली. मुरगूड भागातून जनावरांपासून माणसांना होणाऱ्या एका तापाचे रक्तनमुने माझ्याकडे येत. त्यांतले बरेचसे पॉझिटिव्ह निघाले. हा ताप तिथे घरोघरी आहे, असा अहवाल मी मोठ्या झोकात लिहिला. जिल्ह्याच्या बैठकीत तो वाचायचा होता, माझं नाव होणार होतं. सरांनी तो वाचून एवढंच विचारलं, "हे नमुने कुणाचे?"

"ताप आलेल्यांचे."

"मग यात बरी माणसं कुठं आहेत? हा असाच वाचलात तर उद्या मुरगूडचं दूध कुणी घेणार नाही."

माझा नुसता तिळपापड झाला. तरी वाचन पुढच्या बैठकीवर ढकललं आणि आम्ही दोघे गावात गेलो. दर पाचवं घर घ्यायचं, कुलूप असलं तर शेजारी न जाता पुन्हा त्याच दारी यायचं, हा सरांचा नेम. एका घरी आम्ही तीनदा गेलो. तिसऱ्या खेपेला दार उघडणाऱ्या मावशी कडाडल्या, "मला काय बी झाल्यालं न्हाय की! माझं रगात कशाला?"

सर हात जोडून म्हणाले, "मावशी, तुम्हाला काही झालेलं नाही, हेच लिहून न्यायचंय."

"आता गं बया! बऱ्या माणसाची बी नोंद घेत्यात व्हय?" म्हणत मावशींनी हात पुढे केला. नंतर चहाही आधी सरांनाच दिला.

रोग होता, पण मोजक्या गोठ्यांपुरता. माझा अहवाल सपशेल चुकला होता. नव्या अहवालावर सरांनी माझं नाव आधी घातलं. "आधीचे नमुने तुम्ही तपासले होते, मी फक्त उरलेली माणसं मोजली," म्हणाले. त्यांच्या जागी मी असतो तर स्वतःचं नाव आधी घातलं असतं आणि चूक कुणाची, तेही चारचौघांत सांगितलं असतं. सरांनी ती आजवर कुणाला सांगितलेली नाही. त्यांच्या विद्वत्तेचा हेवा मला झेपतो, या चांगुलपणाचा झेपत नाही.

सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. यात माझा स्वार्थ आहे. दोन वर्षांनी माझी पंचाहत्तरी येते आहे आणि तेव्हाचा लेख त्यांनीच लिहायला हवा. माझे दोष सांगायला माणसं आपणहून येतील. माझ्यात बरं काय आहे ते शोधायला तीनतीनदा दार ठोठावणारा माणूस मात्र कोल्हापुरात एकच आहे.