तांदळातलं नाव

लग्नात माझ्या नवऱ्याने ताटातल्या तांदळांत अंगठीने माझं नवीन नाव लिहिलं. सासूबाईंनी ते मोठ्याने वाचलं, पेढे वाटले, आणि जन्मापासूनचं माझं नाव पाच मिनिटांत घरातून हद्दपार झालं. मला राग आला होता. पण भरल्या मांडवातून रागावून जाणार कुठे, म्हणून पेढा खाल्ला. पासपोर्टवरचं नाव मात्र मी बदललं नाही. नवरा म्हणायचा, करून टाकू कधीतरी. मी म्हणायचे, बघू. तेवढीच आपली एक खोडी.

बहारीनला आल्यावरही तसंच चाललं. मनामातल्या बँकेत मी पासपोर्टवरची बाई. ईसा टाउनच्या फ्लॅटमध्ये, मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला, मुलीच्या बसथांब्यावर मी तांदळातली. त्या दोघींची कधी गाठ पडली नाही.

मग लढाई आली. शाळेत आम्ही सगळ्यांनीच घोकलं होतं की पाणी आरमारवाल्यांचं, जमीन खुष्कीवाल्यांची. ही दोन साम्राज्यं दोनशे वर्षं तेवढ्यावर गप्प होती. बहारीन बेट, म्हणून ते आरमाराकडे. समोरचा सगळा मुलूख खुष्कीकडे. मधल्या समुद्रावर पूल होता, आमची भाजी आणि दूध त्यावरून यायचं. पूल पाण्यात धरायचा की जमिनीत, हे कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं. एवढाले शहाणे लोक, त्यांनी त्यावरून माणसं मारायला सुरुवात केली.

आधी भाजी बंद झाली. मग जनाबियाच्या बाजूला, जिथे पूल बेटाला लागतो, तिथे दिवसभर धूर दिसू लागला. माझा नवरा सलमाबादच्या एका वर्कशॉपमध्ये एसी दुरुस्तीचा सुपरवायझर. एका दुपारी शेजारचं गोदाम उडालं आणि तो घरी आला तेव्हा त्याला काहीही ऐकू येत नव्हतं. आमची नऊ वर्षांची मुलगी त्याच्याशी वहीत लिहून बोलायला लागली. मी तेव्हा पहिल्यांदा बाथरूममध्ये जाऊन रडले. मला फक्त हिला इथून बाहेर काढायचं होतं, आणि आम्हा तिघांना एकत्र जायचं होतं. बाकी काही नको होतं.

मुंबई या भांडणात नव्हती. आरमाराने कळवलं, मुंबईकडे एक बोट सोडतो, प्रत्येक मंडळाने आपापल्या कुटुंबांची यादी द्यावी. नवऱ्याचं अक्षर चांगलं, म्हणून ते काम त्याच्या गळ्यात पडलं. दोन दिवस जेवणाच्या टेबलावर बसून त्याने नावं लिहिली. बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, अगदी आपण पत्रिकेवर घालतो तशी. झाल्यावर यादी माझ्यापुढे सरकवली. रोज बँकेत लोकांचे कागद तपासणारी मी. आमची तिघांची नावं वाचली आणि पुढच्या घराकडे वळले. मला काहीच खटकलं नाही. इतकी वर्षं ज्या नावाचा राग राग केला, ते माझंच होऊन बसलं होतं आणि मला पत्ताच नव्हता.

निघायच्या सकाळी सगळे मुलीच्या शाळेच्या मैदानावर जमलो आणि बंदराच्या बसमध्ये बसलो. मंडळातल्या एक काकू यादी घेऊन बसमध्ये चढल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, हसल्या आणि माझ्या नावापुढे खूण केली. ओळख विचारायचा प्रश्नच नव्हता, संक्रांतीचं वाण मी त्यांच्याकडूनच घेते.

बंदरावर मात्र आरमाराचा माणूस एकेकाचा पासपोर्ट यादीशी ताडून बघत होता. नवरा आणि मुलगी पुढे होते, ते सुटले. माझ्यापाशी तो थांबला. पासपोर्ट बघितला, यादी बघितली, परत पासपोर्ट. "नाम मफी," म्हणाला, म्हणजे नाव नाही. मी यादीतल्या नावावर बोट ठेवलं. लग्न, ताट, अंगठी, सगळं हिंदीत सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, चावल में?" लग्नाचा दाखला पुण्याच्या कपाटात होता. मागून लोक ढकलत होते.

नवरा शिडीवर चढत होता. मी त्याला हाक मारली, किंचाळले म्हणा ना. त्याला कुठून ऐकू येणार. मुलीला आलं. ती वळली आणि म्हणाली, "ममा, कम फास्ट." तिने बाबाची बाही ओढली असती तर तो खाली उतरला असता आणि तिघंही इथे राहिलो असतो. मी तिला हाताने खूण केली, जा. पुढच्या बोटीने येते म्हणाले. खोटं बोलण्याची तेवढी हिंमत माझ्यात कुठून आली माहीत नाही. आली, आणि त्या हिंमतीचा मला अजून राग येतो.

महिन्याभराने खरंच दुसऱ्या बोटीचं निघालं. मी धावत आरमाराच्या कचेरीत गेले, दोन्ही नावं लिहून दिली, नवऱ्याच्या रेसिडेन्स कार्डाचा नंबर दिला. कारकुनाने आमची फाइल काढली. जागा कुटुंबावर मिळते, एका नवऱ्यामागे एक बायको. तो म्हणाला, "हसबंड गया, बच्ची गयी, वाइफ भी गयी. फाइल खलास." काकूंची बसमधली खूण तिथवर पोचली होती, बंदरावर ती कुणी खोडलीच नव्हती. मी म्हटलं, वाइफ तुमच्यासमोर उभी आहे. तो चांगला माणूस होता, त्याने मला पाणी दिलं. बोट माझ्याशिवाय गेली.

हे लिहितेय तेव्हा मी ईसा टाउनमध्येच आहे. दर गुरुवारी शाळेच्या ऑफिसमधून मुंबईला दहा मिनिटं फोन मिळतो. फोनवर मुलगीच असते, कारण बाबाला ऐकू येत नाही. या गुरुवारी तिने सांगितलं की ते दोघं रोज तिथल्या कचेरीत जातात. बाबा लग्नाचा दाखला पुढे करतो आणि बोलायचं काम तिच्याकडे आहे.

"मी अंकलना सांगितलं, ममा आली नाही," ती म्हणाली. "ते म्हणाले, लिस्टवर टिक आहे, म्हणजे आली. सो मी विचारलं, मग कुठेय ती?"

त्यावर ते काय म्हणाले हे सांगायच्या आत लाइन गेली.