चेरीचं कागदावरचं नाव

खाऱ्या माशाचं पहिलं पाणी ओतून झालं होतं, काटे काढायचे अर्धे राहिले होते, तेवढ्यात मिस चेरी मागच्या दाराने आत आली. हात धुतले, समोर बसली आणि न विचारता माझ्या भांड्यातले काटे वेचू लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "नाकारला."

काय, ते विचारावं लागलं नाही. तिच्या भरपाईच्या अर्जासाठी आमचं अख्खं चर्च दोन वर्षं प्रार्थना करतं आहे.

चेरी नऊ वर्षांची असताना जमैकाहून इथे वुल्व्हरहॅम्प्टनला आईकडे आली. तेव्हा ते बेट आणि हा देश एकाच राणीचे. परवाना कोण मागणार? इथेच शाळा, इथेच लग्न, वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात उभा जन्म. मग साठीला आल्यावर नवा नियम निघाला, राहण्याचा हक्क दाखवा. दाखवायला काही नव्हतं. नोकरी गेली, मग घर गेलं, लेकीच्या सोफ्यावर झोपायची वेळ आली, आणि वर देश सोडण्याची नोटीस. आई म्हातारपणी जमैकाला परतली होती, ती वारली. चेरीला मातीला जाता आलं नाही. गेली असती तर परत आत घेतलं नसतं.

पुढे सरकारने चूक झाली म्हणून माफी मागितली. भरपाई देऊ म्हणाले, पण इतकी वर्षं इथेच होता हे तुम्हीच सिद्ध करा. तिची शाळा पाडून तिथे दुकानं झालीत. म्हणून आम्ही सात जणांनी रविवारी प्रार्थनेनंतर बसून साक्षी लिहिल्या. अगदी मनापासून लिहिल्या. आणि सातही जणांनी लिहिलं, चेरी.

आम्हा जमैकाच्या लोकांत माणसाला दोन नावं असतात. एक सरकारी दप्तरात जातं. दुसरं आजी पाळण्यातच ठेवते, वाईट नजरेला मूल सापडू नये म्हणून, आणि माणूस जन्मभर त्याच नावावर चालतो. दप्तरातलं ऐकू येतं ते लग्नात आणि शवपेटीवर फुलं ठेवताना. ही युफीमिया ब्लॅकवुड आहे हे मला आज कळलं. गृहखात्याने कळवलं आहे की साक्षी कुणा चेरीबद्दलच्या आहेत, अर्जदाराचा त्यांच्याशी संबंध दिसत नाही.

"निघून जा म्हणून लिहिलं, तेव्हा युफीमिया बरोबर सापडली," चेरी म्हणाली. "सोफ्यावर होते, तरी सापडली."

मी म्हटलं, प्रभू सगळं बघतो आहे, धीर धर.

"बघत असेल तर साक्ष दे म्हणावं, सिस्टर. आणि त्यालाही सांग, कागदावरचं नाव घाल."

रागावता आलं असतं, पण कोणत्या तोंडाने?

वकीलबाई म्हणतात, साक्षी दोन्ही नावं घालून पुन्हा लिहा. आम्ही चौघं आजच लिहून देऊ. दोघं मात्र या दोन वर्षांत देवाघरी गेले. राहता राहिला ब्रदर विल्मट. तो शाळेत तिच्या शेजारच्या बाकावर होता. लहानपणी ती इथे होती हे सांगणारा तो एकटाच. तोही आता वृद्धाश्रमात आहे, जिथे चेरी रांधायची तिथेच. स्वतःच्या मुलांना ओळखत नाही. ती दिसली की मात्र हसतो आणि हाक मारतो, "चेरी!"

मासा साफ झाला. काटे कागदात गुंडाळून तिने कचऱ्यात टाकले आणि कोट चढवला. मक्याच्या पिठाची लापशी विल्मटला अजून आवडते का, एवढंच विचारलं. आवडते, मी म्हटलं.

उद्या सकाळी चर्चच्या आधी ती लापशीचा डबा घेऊन त्याच्याकडे जाणार आहे, त्याला युफीमिया म्हणायला शिकवायला.