शाळेच्या व्हरांड्यातले उद्याकाका

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या काकांचं खरं नाव आमच्या गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही त्यांना उद्याकाका म्हणायचो, तेही तोंडावर. मशीन अडलं म्हणून निरोप धाडावा, तर उत्तर ठरलेलं, "उद्या येतो." तो उद्या कधी चार दिवसांनी उजाडायचा, कधी पंधरा. मी शिवणकामावर दोन मुली वाढवल्या. मनातल्या मनात मी त्या माणसाला जेवढे बोल लावले असतील, तेवढे नवऱ्यालासुद्धा लावले नाहीत, आणि नवरा तर घर सोडून गेलेला.

काका पंधराव्या वर्षी कपड्याच्या कारखान्यात मशीनांना तेल घालायला लागले. पुढे कारखाना बंद पडला, तसे सायकलच्या कॅरिअरला पत्र्याची पेटी बांधून ते दारोदार फिरू लागले. उशीर का होतो हे त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं. "उघडलेलं मशीन पुरं झाल्याशिवाय मी दुसऱ्याला हात लावत नाही." मला ती तेव्हा शुद्ध थाप वाटली.

मग नदी घरात आली. आम्ही तिघी शाळेच्या वरच्या मजल्यावर जाऊन बसलो म्हणून वाचलो. पाणी ओसरलं, तेव्हा खोलीत गुडघाभर चिखल होता. पण कुठून कुठून माणसं फावडी घेऊन आली म्हणून सांगू. एकाने तर माझ्या शिवणाच्या कोपऱ्यातला चिखल हातांनी चाळून एक-एक सुई वेचली आणि डब्याच्या झाकणात घालून माझ्यापुढे धरली. "ताई, एकोणीस सापडल्या. अजून होत्या का?" त्याचं नाव विचारायचं राहून गेलं, त्याची मला आजही चुटपुट लागते.

माझी नणंदही धावून आली. तिने भांडी घासली, भिंती धुतल्या आणि माझं मशीन स्वच्छ पुसून उन्हात ठेवलं. गंजू नये म्हणून त्यात तेलही घातलं. थेंबभर नव्हे, वाटीभर, आणि तेही खायचं. बिचारीने जीव ओतून केलं, पण खायचं तेल उन्हात चिकट होतं आणि मशीनचे सांधे धरून बसतं. दोन दिवसांनी चाक हलेना. मीही काही कमी नाही, दोन्ही हातांनी हिसका दिला. आत कट्‌कन आवाज झाला आणि शटलचं टोक तुटलं. शटल म्हणजे सुईखाली फिरून खालचा दोरा वरच्या दोऱ्यात गुंफणारा भाग. तो गेला की मशीन म्हणजे नुसतं लोखंड. त्यात मशीन माझ्या आईचं, बनवणारी कंपनी कधीच बुडालेली. शाळेत दान म्हणून कापडाचे तागे आले होते आणि ज्यांची मशीनं चालू होती त्यांना मुलांच्या गणवेशांचं काम मिळणार होतं. माझं मशीन चाललं नाही तर माझी चूल पेटणार नव्हती.

त्याच आठवड्यात उद्याकाका शाळेच्या व्हरांड्यात पोतं अंथरून बसले. कुणी बोलावलं नव्हतं. न बोलावता ते कुठे गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं, म्हणून आधी तर आम्हाला वाटलं की जेवणाच्या रांगेत बसलेत. मग बायका मशीनं उचलून आणू लागल्या. माझं उघडल्यावर त्यांनी बोटाला लागलेलं तेल हुंगलं.

"याला फोडणी कुणी दिली?"

नणंद माझ्यामागे लपली. काकांनी मशीन बाजूला सरकवलं. "तुझं उद्या."

दुसऱ्या दिवशीही उद्या. तिसऱ्या दिवशीही. बाकीच्यांची मशीनं खडखडत घरी चालली होती आणि माझं आपलं, उघडलेलं आधी पुरं करायचा त्यांचा नियम मोडून, रॉकेलमध्ये भिजत पडलेलं. सहाव्या दिवशी माझा तोल गेला. "काका, होत नसेल तर तसं सांगा. माझ्याच वेळी का हो तुमचा उद्या उगवत नाही?" सगळ्यांदेखत बोलले. त्यांनी मान वर केली नाही. "चाक मोकळं झालंय. शटल बघतोय," एवढंच म्हणाले.

सातव्या दिवशी त्यांनी खिशातून चिंधीत गुंडाळलेलं शटल काढलं, बसवलं आणि म्हणाले, "चालव." मी पोत्याच्या तुकड्यावर एक शिवण मारली. टाके एकसारखे पडले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"कुठे मिळालं, काका?"

"मिळालं."

घरी जाताना भाजीवालीने सांगितलं की काकांची गल्ली आमच्याहून खोलगट आहे, घरातला चिखल अजून तसाच आहे. इतके दिवस त्या माणसाला कुणी विचारलंच नव्हतं, मी तर नाहीच. दुसऱ्या दिवशी आम्ही सहा जणी झाडू आणि घमेली घेऊन तिथे धडकलो. काका नको-नको म्हणत राहिले, कुणी ऐकलं नाही. काकू भाचीकडून नुकत्याच परतल्या होत्या आणि दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या, अंगात भाचीचा तोकडा गाऊन.

आत खिडकीपाशी एक मशीन होतं, अगदी माझ्या आईच्या मशीनसारखं. त्याला शटल नव्हतं. कापड दाबून धरणारा दाबपाय नव्हता, पट्टा नव्हता, दोरा ताणणारी स्प्रिंग नव्हती. आमच्यातली रफू करणारी बाई त्या स्प्रिंगच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. आमचे झाडू एकामागून एक थांबले.

"अशा काय बघता गं?" काकू बाहेरूनच म्हणाल्या. "चाळीस वर्षं शिवलं मी त्याच्यावर. आता डोळ्यांना सुई दिसत नाही. मीच म्हटलं यांना, लागेल ते काढून न्या. चालतंय ना तुमचं?"

"चालतंय," मी म्हणाले. मला व्हरांड्यातलं परवाचं माझं बोलणं आठवलं. मी काकांपुढे हात जोडले, तर ते घमेलं उचलून मागच्या दाराने निघून गेले.

"काकू, तुमच्यासाठी गाऊन शिवते. आजच."

"शिव. पण मोठा खिसा लाव."

"खिशात ठेवणार काय, काकू?" भाजीवाली हसत म्हणाली. "सगळं तर वाहून गेलं."

"ते मग बघू. आधी खिसा तर असू दे." काकू उठल्या आणि मापासाठी हात पसरून उभ्या राहिल्या.

माझी टेप पुरात गेली होती, म्हणून मी सुतळीला गाठी मारून माप घेतलं. बावीस वर्षं मी मापं घेते आहे. त्या दिवशी एकच माप तीनदा घ्यावं लागलं, कारण पहिल्या दोन्ही वेळा गाठ कुठे मारली तेच मला दिसत नव्हतं.